मालकांच्या हातचा पेला

घ्या! नवरा डबा विसरला म्हणून ती भर दुपारी कारखान्यात धावत आली, आणि बघते तर काय, मालक त्याच्या हातात दारूचा पेला कोंबत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या कारखान्याची रीतच तशी. लेथ यंत्रावर कातायला घेतलेला एखादा अवघड भाग पहिल्याच फटक्यात बरोबर उतरला, की मालक कारागिराला स्वतःच्या हातानं पेला भरून द्यायचे. काय तो मान! याच मानापायी तिचा लेथवाला नवरा पार बुडाला होता. आता कुठे काही महिने त्यानं दारू सोडली होती, पण ते महिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. लेक मांडीवर येऊन खिदळली तरी याचा चेहरा मख्ख. सासूबाई म्हणाल्या, "घुम्या झालाय, घेऊ दे थोडी." दीर म्हणाला, "पीत होता तेव्हा हसत तरी होता." जळलं मेलं ते हसणं!

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. काही चांगलं घडलं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पाझरतं आणि जीव सुखावतो. दारू ते भसाभस ओतायला लावते. रोज तेच चाललं की मेंदू हात आखडता घेतो. मग दारू सोडली तरी साध्यासुध्या गोष्टींत गोडी परत यायला महिने जातात.

आणि आज ती गोडी परत आली होती! तिनं दारातूनच पाहिलं. नुकत्याच कातलेल्या लोखंडी शाफ्टवरून अंगठा फिरवत तो स्वतःशीच हसत होता, आणि नेमका तेव्हाच हा पेला.

"मालक, काही लाज?" ती कडाडली. "इतक्या दिवसांनी त्यांच्या डोक्यात आपसूक सुख पाझरलंय, आणि त्यावर तुम्ही दारू ओतताय?"

"वहिनी, एवढ्याशानं काय होतंय? चांगल्या कामाचं बक्षीस नको द्यायला?"

"मग तोंडानं द्या की! चांगलं केलंस म्हणा!"

सगळे कारागीर मालकांकडे बघू लागले. मालकांनी घसा खाकरला, छताकडे पाहिलं, पुन्हा खाकरले. हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कधी निघालेच नव्हते. दरवेळी बाटलीच बोलायची.

नवरा वाट बघत होता. पेला अजून त्याच्या हातातच होता. तिचा जीव टांगणीला लागला.

शेवटी त्यानं तो पेला मालकांच्याच हातात दिला.

"तुम्हीच घ्या, मालक," तो म्हणाला. "त्याशिवाय तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."