मारुतरावांची मान

थेरगावात कीर्तन कुणाचंही असो, पहिल्या रांगेत मारुतराव दिसले नाहीत तर बुवांना पुढचं सुचायचं नाही. दृष्टांत रंगला की त्यांची मान अशी डोलायची, की मृदंगवाल्यानं तिच्यावर ठेका धरावा! पण वर्षभर डावा कान वाहत होता, आणि आता त्या बाजूनं टाळसुद्धा ऐकू येईना.

डॉक्टर अरुंधती म्हणाल्या, "पडद्यामागं तीन हाडं असतात. रोगानं किती खाल्लीत, ते सीटी स्कॅनमध्ये दिसेल. शेवटचं, घोड्याच्या रिकिबीसारखं हाड शाबूत असलं तर ऑपरेशननं ऐकू येईल."

सून अपेक्षा त्यांना चिंचवडला घेऊन आली. कपाळाला पट्टा बांधून टेक्निशियन स्वरूपा काचेपलीकडं गेली नि स्पीकरवरून म्हणाली, "काका, मान हलवायची नाही. कळलं?"

मारुतरावांनी मान हलवली. चित्र पुसट.

"आवं, पोरगी एवढं गोड सांगती, आन् आपून धोंड्यावानी पडायचं व्हय?"

दुसऱ्यांदा स्वरूपा मुकी बसली. तर यंत्राच्या घरघरीत मारुतरावांना तंबोरा सापडला, नि मान पुन्हा डोलली!

स्वरूपा काकुळतीला आली. "ताई, केसाएवढं हललं तरी ती हाडं दिसत नाहीत. आणि सारखी किरणं देता येत नाहीत. आता हे शेवटचं."

अपेक्षाला एकदम गेल्या साली आलेले बुवा आठवले. दोन तास नुसते फालतू विनोद, आणि सासऱ्यांची मान खांबासारखी ताठ!

"माईक द्या इकडं." तिनं पदर खोचला. "तर श्रोतेहो! नारदमुनींची भोसरीची बस चुकली. बसले रिक्षात. रिक्षावाला म्हणतो, मीटर नाही! नारद म्हणतात, माझ्या वीणेला तरी कुठंय? ही ही ही! टाळ्या!"

आत मारुतरावांनी डोळे मिटले, दात आवळले. मान जागच्या जागी गोठली. स्वरूपानं ओठ चावत बटण दाबलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पहिलं हाड अर्धं गेलंय, दुसरं संपलंय. पण ही बघा रिकीब. अगदी शाबूत!"

तांदळाच्या कणीएवढा ठिपका. मारुतरावांनी टोपी काढून त्याला हात जोडले.

"एवढ्याशा उंबऱ्यावरनं देवाचं नाव आत येतंय!" ते म्हणाले. मग सुनेकडं वळून म्हणाले, "गुरुवारी ऑपरेशन करू, पोरी. पण तू पुन्यांदा कीर्तनाला हुबी राहिलीस, तर मी उजवाबी कान झाकून घेईन हां!"