आपल्या माणसाकडेच खा

पांगशेठना राग आला की ते किटल्या पुसायला घेत. त्या शनिवारी सकाळी दुकानातली एकूण एक किटली चकचकीत झाली होती आणि राग मात्र होता तिथेच होता. गिऱ्हाईक म्हणून दोघे बसले होते. एक नळदुरुस्तीला आलेला कारागीर. दुसऱ्याला फक्त स्टेशनचा रस्ता विचारायचा होता, पण नुसतं विचारणं बरं दिसत नाही म्हणून त्याने चहा मागवला होता.

हाँगकाँगच्या उत्तर टोकाला, शेउंग शुईच्या स्टेशनामागे 'सुइ हिंग' चहाघर एके काळी असं चालायचं की शनिवारी अनोळखी माणसाच्या टेबलाशी गुडघा घुसवून जागा मिळवावी लागे. आता टेबलं रिकामी. सगळं गाव शनिवार-रविवार हद्दीवरच्या पुलापलीकडे, मुख्य चीनमधल्या शेनझेनला. केस कापायला शेनझेन, दात काढायला शेनझेन, चष्म्याला शेनझेन आणि खायला तर शेनझेनच. "जरा उत्तरेला जाऊन येतो," एवढं म्हटलं की ऐकणारा समजून घ्यायचा.

गंमत अशी, की या सगळ्याला सगळ्यात मोठ्याने टाळ्या पांगशेठनीच वाजवल्या होत्या. ते गल्लीतल्या दुकानदार संघाचे अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी एक साहेब भला मोठा नकाशा घेऊन संघात आले होते. हाँगकाँग, मकाऊ आणि पलीकडची नऊ शहरं एका लाल वर्तुळात. "आता हा सगळा एकच प्रदेश, एकच बाजार," साहेब म्हणाले. "कुठूनही कुठेही तासाभरात." पांगशेठनी मनात मांडे खाल्ले. पलीकडे कोट्यवधी तोंडं, आणि ती तासाभरात आपल्या दारात! दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर नवे कंदील टांगले. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो ही गोष्ट तेवढी त्यांच्या ध्यानात आली नाही.

कंदील फिके पडल्यावर त्यांनी संघातर्फे लाल पाटी करून घेतली: 'आपल्या माणसाकडेच खा.' गल्लीतल्या प्रत्येक दुकानावर ती लागली. लोक पाटी वाचत, मान डोलावत आणि स्टेशनाकडे वळत.

आणि आता सोमवारी गाळ्याचा करार संपत होता. घरमालकाला उत्तर हवं होतं, आणखी तीन वर्षं घेता की सोडता.

"अहो, पुसून पुसून भोकं पडतील त्यांना," युकलान गल्ल्यावरून म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याची कीव करण्याची सवय तिला लागली नव्हती. "सोमवारी त्याला नाही म्हणून सांगा आणि सुटा यातून."

"लोक परत येतील."

"कोण लोक?"

"आपली माणसं. त्यांच्या पोरांच्या बारशाच्या मेजवान्या इथे झाल्यात. जीभ विसरत नसते."

"जिभेचं सोडा. पाय विसरलेत, त्याचं बोला."

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडच्या कडेने क्वोक सर जाताना दिसले. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर सोमवार ते शुक्रवार खिडकीजवळच्या टेबलावर ठाण मांडून असत आणि शनिवारी न चुकता फानलिंगच्या आजारी बहिणीला भेटायला जात. आज ते टोपी कपाळावर ओढून, मान खाली घालून, झपाझप चालले होते. हातात ना फळं ना औषध. शिवाय फानलिंगची गाडी दक्षिणेला जाते आणि सर चढत होते ते उत्तरेच्या फलाटाचा जिना.

"दुकान बघ," पांगशेठ म्हणाले आणि मास्क लावून निघाले.

हद्दीवरचं लो वू एकच स्टेशन पुढे. पांगशेठनी पूल कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता, तत्त्व म्हणून. आज तत्त्व मागे राहिलं आणि गर्दीने त्यांना आपोआप पुढे नेलं. पुलावर संघाचा खजिनदार रिकामी सुटकेस ओढत जाताना दिसला. चाकं मोठ्याने खडखडत होती. पाटीसाठी वर्गणी गोळा करताना याच माणसाचे डोळे पाणावले होते.

क्वोक सर एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर शिरले. 'जुनं हाँगकाँग चहाघर', दारावर लिहिलं होतं. भिंतीवर हाँगकाँगच्या लाल टॅक्सीचं चित्र आणि कोपऱ्यात पंखा, जो फिरत नव्हता, फक्त जुना दिसत होता. पांगशेठ एका खांबाआड बसले. मोबाइलवर मागणी कशी द्यायची ते त्यांना कळेना, तेव्हा वाढणाऱ्या मुलीने त्यांचाच मोबाइल घेऊन चहा मागवून दिला. ती दूरच्या हुनान प्रांतातली होती, नवीन, आणि फार गोड बोलायची. पांगशेठना तिचा आणखीच राग आला.

किटली रिकामी झाली. पांगशेठनी सवयीने झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं आणि वाट पाहत बसले.

मुलगी आली. "आजोबा, झाकण उलटं पडलंय हं," म्हणाली आणि सुलटं करून गेली.

पांगशेठनी ते पुन्हा उलटं केलं. मुलीने पुन्हा सुलटं केलं. "पाणी हवं असलं तर मोबाइलवर दाबायचं, आजोबा."

"मुली, पाणी हवं असलं की झाकण उघडायचं, एवढं कुणी शिकवलं नाही तुला?"

"उघडं ठेवतात काही जण, तिरकं. पण उलटं?" ती हसली. "उलटं ठेवणारे वेगळेच लोक असतात. ते बघा ना, तिकडे सगळे तसेच."

पांगशेठनी खांबाआडून मान काढली. किटलीचं झाकण उलटं ठेवण्याची तऱ्हा जगात कुठेच नाही. ती फक्त सुइ हिंगची. तिरकी ठेवलेली झाकणं घरंगळून फुटायची, तेव्हा कंजूष पांगशेठनीच गिऱ्हाइकांना ही शिस्त लावली होती, ओरडून ओरडून. आणि आता समोर ओळीने किटल्या मांडल्या होत्या, सगळ्यांची झाकणं उलटी. बेकरीवाला. औषधवाली चान बाई, सुनेसकट. फुलवाला. आणि वर्तमानपत्राआड क्वोक सर.

पांगशेठ उठून सरांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "बहीण बरी दिसतेय," ते म्हणाले.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. "पांगशेठ! तुम्ही... इकडे कुठे?"

"माझीपण बहीण आजारी आहे."

मग चान बाई फिस्सकन हसली, तिच्यामागे बेकरीवाला, आणि मग सगळेच. टेबलं सरकली, जोडली गेली. पांगशेठना ओढून मध्ये बसवलं. "या, या शेठ, गुडघा घुसवा!" फुलवाला ओरडला. कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली, मुलगी मोबाइलकडे बोट दाखवू लागली, तेव्हा पांगशेठना राहवेना. त्यांनी तिच्या हातातली गरम पाण्याची मोठी केटल घेतली आणि ओळीने किटल्या भरत सुटले. प्रत्येक टेबलावर दोन बोटं टकटक वाजली, आभाराची. कितीतरी वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. इतकं बरं वाटलं, याची लगेच लाजही वाटली.

मग बांबूची वाफाळती टोपली आली. हार-गाउ, आत कोळंबी, वर मोदकासारख्या नाजूक कळ्या. पांगशेठनी एक उचललं आणि तोंडापाशी नेता नेता थांबले. कळ्या डावीकडे झुकलेल्या होत्या. सगळ्या आचाऱ्यांच्या उजवीकडे झुकतात. डावखुऱ्या आचाऱ्याच्या तेवढ्या डावीकडे. पांगशेठनी घास घेतला. जीभ विसरत नसते, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

"फू वस्ताद?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं. शेवटी क्वोक सर म्हणाले, "रागावू नका. आम्ही शेनझेनसाठी येत नाही हो. आम्ही त्याच्यासाठी येतो."

फू वस्ताद सुइ हिंगमध्ये होते तेव्हा स्वयंपाकघरात एक लांब ओटा होता आणि पहाटेपासून त्यावर त्यांचा डावा हात चालत असे. मग तो नकाशा आला. एकच बाजार झाला. शेनझेनच्या कारखान्याचा गोठवलेला माल रोज सकाळी दारात पडू लागला, वस्तादांच्या निम्म्या खर्चात. पांगशेठनी वस्तादांना लाल पाकिटात चार पैसे घालून निरोप दिला, ओटा फोडला आणि तिथे फ्रीजर उभा केला. पाटी त्यानंतर वर्षभराने लागली.

पांढरी टोपी घातलेले फू वस्ताद आतून आले. जरा जाड झाले होते. "जेवलात का, शेठ?" त्यांनी विचारलं, जणू कालच भेटले होते.

पांगशेठनी आडपडदा ठेवला नाही. "वस्ताद, परत या. सोमवारी करार करायचा आहे. तुम्ही हो म्हणा, मी सही करतो. हे सगळे येतील. विचारा त्यांना."

सगळ्यांनी जोरजोराने माना हलवल्या.

"बसू कुठे, शेठ? ओटा फोडलात ना?"

"फ्रीजर फेकून देतो. आजच."

वस्ताद हसले. "त्यात काय आहे ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कारखान्याचा माल."

"कारखाना या चहाघराच्याच मालकांचा. सारण माझं, पिठाचं प्रमाण माझं. इथे आलो तेव्हा पहिलं काम तेच दिलं मला. तुम्ही मला काढलंत शेठ, पण विकताय अजून मलाच. फक्त कळ्या यंत्र घालतं. यंत्राला डावा हात नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"म्हणजे आम्ही आठवडाभर गोठवलेले वस्ताद खातो आणि शनिवारी ताजे!" बेकरीवाला म्हणाला, आणि टेबल हसण्याने हललं. पांगशेठ हसले नाहीत.

"या हो परत," ते पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज अध्यक्षांचा नव्हता.

वस्तादांनी अंगावरच्या फडक्याला हात पुसले. "तुम्ही निरोप दिलात ना, त्यानंतर मी घरी बसून होतो. रोज वाटायचं, त्या रबरासारख्या मालाला शेठ कंटाळतील, फोन करतील. बायको म्हणायची, कुठे तरी लागा. मी म्हणायचो, थांब, आपला माणूस आहे तो." त्यांनी टोपली शेठपुढे सरकवली. "आता इथे घर घेतलंय. नात इथल्या शाळेत जाते. खा, गार होतील."

पांगशेठनी खाल्लं. आणखी एक टोपली मागवली, तीही खाल्ली.

निघताना दारात मॅनेजरबाईने गाठलं. वय जेमतेम तिशीचं, पण नजर व्यापाऱ्याची. "आजोबा, तुम्ही पाणी घातलंत ना, त्या टेबलांनी आणखी किती टोपल्या मागवल्या ठाऊक आहे? शनिवार-रविवार येता का? नुसतं हिंडायचं, झाकण उलटं दिसलं की भरायचं. लोकांना असलं अस्सल काहीतरी हवं असतं."

"मी मालक आहे!" पांगशेठ कडाडले. "संघाचा अध्यक्ष आहे मी!"

"फारच छान," ती मनापासून म्हणाली. "मग ओळखीही असतील."

सोमवारी घरमालक आला. पांगशेठ फ्रीजरसमोर उभे होते. दार उघडून आतल्या पिशव्यांकडे पाहत होते. सगळ्या कळ्या सारख्या, सगळ्या उजवीकडे. युकलानने घरमालकाला बसवलं, चहा दिला आणि नवऱ्याला हाक मारली. पहिल्यांदाच तिने टोमणा मारला नाही. ते आले, आणि नाही म्हणाले. मग घरमालक गेल्यावर त्यांनी किटल्या पुसायला घेतल्या.

आता शनिवारी 'जुन्या हाँगकाँग चहाघरा'त जागा मिळवायला थांबावं लागतं. लाल बंडी घातलेला एक म्हातारा केटल घेऊन टेबलांमधून फिरतो आणि कुणाचं झाकण तिरकं दिसलं तर त्याच्यावर ओरडतो. पैसे देऊन ओरडून घ्यायला लोक लांबून येतात. भिंतीवर लाल टॅक्सीच्या शेजारी एक लाल पाटी आहे. मॅनेजरबाईने ती बंद झालेल्या सुइ हिंगच्या दारावरून मागून आणली: 'आपल्या माणसाकडेच खा.'

"शेठ, गरम आहे, सांभाळून!" आतल्या खिडकीतून फू वस्ताद टोपल्या पुढे सरकवतात. नव्या मुलींना वाटतं, शेठ हे त्या म्हाताऱ्याचं नाव आहे.

परवा क्वोक सरांनी झाकण उलटं ठेवलं. पांगशेठ आले.

"शनिवारचं ठीक आहे हो," सर हळूच म्हणाले. "सोमवार ते शुक्रवार आम्ही कुठे बसायचं?"

पांगशेठनी किटली काठोकाठ भरली. सरांनी दोन बोटांनी टेबल वाजवलं. पांगशेठनी झाकण सुलटं केलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले.