सालोमियाचा नवरदेव

इलारी आमच्या गावात आला तो चर्चच्या छपरासाठी. आमचं चर्च आख्खं लाकडाचं, तीनशे वर्षांपूर्वीचं. त्यावर लाकडी कौलं बसवणारी माणसं आता रोमानियातल्या आमच्या मारामुरेश भागात फारशी उरली नाहीत. हा डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला, पस्तिशीचा, अबोल. शाळेच्या रिकाम्या खोलीत राहायचा आणि दिवसभर छपरावर असायचा.

गवतकापणीच्या ऐन दिवसांत गाव्रिल आणि टोडोसियाची मुलगी सालोमिया घरी आली. पेटीतून. इटलीत एका म्हातारीची देखभाल करायला गेली होती, एका सकाळी झोपेतून उठलीच नाही. टोडोसियानं पेटी उघडायला लावली, मुलीचे केस विंचरले, लग्नासाठी शिवून ठेवलेले कपडे तिला घातले. रडली मात्र नाही. शेजारणी कुजबुजल्या, की हिला अजून कळलेलं दिसत नाही.

आमच्याकडे बिनलग्नाचं कुणी गेलं तर आधी त्याचं लग्न लावतात, मग मातीत घालतात. पण नवरा म्हणून उभं करायला गावात कुणी नव्हतं. पोरं सगळी इटलीला, नाहीतर स्पेनला. उरलेले बायकामुलांचे.

गाव्रिल चर्चपाशी जाऊन शिडीखाली उभा राहिला. इलारी उतरून आला.

"तुमचं लग्न झालंय का?"

"नाही."

"ठरलंय?"

"नाही."

"मग उद्या आमच्या मुलीशेजारी उभं राहाल का?"

इलारीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. विचार करायला वेळ मागावा असं त्याच्या मनात आलं, पण समोरचा माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला गाव्रिलचा पांढरा सदरा दिला. बाह्या आखूड पडल्या. शेजारच्या म्हातारीनं त्याचे हात बघितले आणि म्हणाली, "नवरदेवा, हात तरी धुवायचेस की." दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. टोडोसियानं मेणाची अंगठी मुलीच्या बोटात सरकवली, दुसरी इलारीच्या. मग त्याचा हात उचलून मुलीच्या हातावर ठेवला. इलारी नंतर सांगायचा, की त्याला भीती वाटली नाही, दुःखही झालं नाही. कुणी दुसराच उभा आहे आणि आपण लांबून बघतोय असं वाटत होतं. स्मशानापर्यंत तो पेटीच्या मागे चालला. सगळं उरकल्यावर पुन्हा छपरावर चढला, कारण ऊन अजून होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोडोसिया शिडीपाशी आली. फडक्यात मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि चीज बांधून आणलं होतं.

"जावईबापू, जेवून घ्या," एवढंच बोलली आणि गेली.

मग रोजच येऊ लागली. तिचं ते जावईबापू ऐकून गावातले हसायचे. इलारीनं तिला कधी अडवलं नाही.

गाव्रिलचं गवत कापून शेतातच पडलं होतं. पावसाची लक्षणं होती, तरी तो अंगणातल्या बाकावर बसून राही. लोक येऊन सांगून गेले. तो बरं म्हणे आणि तिथंच बसे. शेवटी एका सकाळी इलारी छपराऐवजी शेतावर गेला, गवत गोळा केलं, खांबाभोवती रचलं. दुपारी गाव्रिल आला आणि दुसऱ्या बाजूनं रचू लागला. मुलीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

शरद ऋतूत छप्पर झालं, इलारी आपल्या खोऱ्यात गेला. पण पुढच्या उन्हाळ्यात गवताला आला. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या वर्षी जेवताना त्यानं सांगितलं, की घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलंय. सांगून तो ताटाकडे बघत बसला. टोडोसियानं त्याला आणखी वाढलं.

"मग आम्हाला बोलावणार नाहीस का रे?" त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं.

लग्नाला टोडोसिया आणि गाव्रिल बसनं गेली. इलारीनं त्यांना आपल्या आईवडिलांच्या शेजारी बसवलं. ही कोण म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा टोडोसिया म्हणाली, "सासू." कुणी पुढं विचारलं नाही. ती पोटभर जेवली, नवरदेवाबरोबर एक फेर नाचली, नव्या सुनेच्या डोक्यावरच्या रुमालाची गाठ नीट करून दिली. चेहरा होता तसाच होता. मग गाव्रिल म्हणाला, "चला, गाय दोहायची राहिलीय," आणि दोघं संध्याकाळच्या बसला निघाली.