सांबाराचा फोटो

मातीतून वर आलेला तो पांढरा खांदा – अंगठ्याच्या नखाएवढा – तिनं पदराच्या टोकानं पुसला आणि लगेच त्यावर माती सारली, कुणाचं उघडं अंग झाकावं तशी. सात झाडं. वर सांबारासारखा, म्हणजे कोथिंबिरीसारखा पाला, खाली गाजराच्या आकाराचं पांढरं मूळ. पार्सली. बी लेकानं, नरेंद्रनं, पोलंडहून पाकिटातून पाठवलेलं. तिथल्या हॉटेलात तो स्वयंपाकी होता, या मुळाशिवाय इथं सूप होत नाही म्हणायचा... होता, म्हणायचा. त्याला जाऊन चौदा महिने झाले तरी ‘आहे’पाशी जीभ अडखळते.

"काढाच्या का आज?" मागच्या दारातून तिचा नवरा, माणिकराव. "ऊन तापलं का सडतीन मुया. पल्लवी येऊन राह्यली दुपारच्या गाडीनं. भावाचं सूप करू म्हणे."

"च्या प्या आधी," वच्छला म्हणाली. ते उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

काढली की पाकिटातलं शेवटचंही संपलं. आणि ताटात आलं की पल्लवी म्हणणार, दादानं निदान फोटो तरी पाहिला. फोनवर त्यानं बहिणीला सांगितलं असेलच. फोटो...

उगवलं का, माय?

त्याचा हा आवाज नळापाशी जास्त येतो. ती नळ बंद करते तरी येतो.

मागच्या वर्षी अर्धं बी तिनं रगडलं. सांबार लावायचा तर धने आधी विटेखाली रगडायचे, त्यांच्या दोन फाकी करायच्या, मग वाफ्यात टाकायचे. आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं, अवघं कामरगाव तेच करतं, हात थोडेच विचारून चालतात. आणि हे बी तिळाहून बारीक. विटेखाली त्याचा भुगा झाला. तो भुगाच तिनं पेरला, पाणी शिंपडलं, वाट पाहिली. दर रविवारी फोन, दर रविवारी तेच – उगवलं का? पाकिटावर त्यानं स्वतःच्या अक्षरात ‘मायसाठी’ लिहिलं होतं, त्या पाकिटाकडे पाहत कसं सांगायचं की विटेखाली... सहाव्या रविवारी ती म्हणाली, उगवलं. मग फोटो धाड, म्हणाला. आणि मी शेजारच्या लिलाबाईच्या वाफ्यातल्या सांबाराचा फोटो काढला. ती घरी नव्हती. कुंपणावरून वाकून काढला, तिच्या दोरीवरचं लुगडं त्यात येऊ नये अशा बेतानं.

‘मस्त, माय.’ एवढंच आलं उत्तर. अकरा दिवसांनी तिथल्या बर्फावर त्याची सायकल –

नाही. तिथं जायचं नाही.

उरलेलं बी यंदा तिनं ओल्या फडक्यात भिजवलं, अख्खं पेरलं. सव्विसाव्या दिवशी कोंब दिसले. कुणाला दाखवायचे? वर्षभर ती एकाच गोष्टीच्या आधारानं उभी होती: त्याला कळलं नसेल. एवढासा पडदा, कामाची घाई, फोटोत काय कळतं. खोटं बोलले ते बोलले, पण मुलगा सुखात गेला, आईच्या बागेत आपलं बी आलं असं समजून गेला.

"काय वं वच्छलाबाई, सांबाराले पाळण्यात घालून राह्यली का?" कुंपणापलीकडून लिलाबाई. "मूठभर दे ना, वरण उतरवाचं हाय."

वच्छला उठली नाही. "हा काय, घे. येऊन तोड."

लिलाबाईनं मान लांब केली, डोळे बारीक केले आणि हसत सुटली. "मले येडी समजली का वं? हे सांबार नोहोय. पानाची चकाकी पाह्य, दांडा पाह्य कसा जाड. काहून फसवतं गरिबाले?"

"तिथून दिसते?"

"नाई तं काय! रोज चिरते तिले नाई कळन तं कोनाले कळन?"

ती हसत हसत आत गेली. कढईत फोडणी तडतडली.

रोज चिरते तिला. तो रोज चिरायचा. दोन्ही, पार्सलीही आणि सांबारही. सकाळी आठपासून, टोपल्याच्या टोपल्या.

फोटोनंतर एक रविवार आला होता. तो तिनं आजवर नीट आठवलाच नव्हता... शेणखत जास्त नको घालू, माय, मुळाले फाटे फुटते. दाट असन तं विरळ कर. उपटून दुसरीकडं लावू नको, त्याले चालत नाई. किती वेळ बोलत होता, रिकाम्या वाफ्याची निगा सांगत होता, आणि ती हो म्हणत होती, हो बाप्पा, हो. मधे एकदा तो थांबला. रेंज गेली असं तिला वाटलं होतं. हॅलो, हॅलो, असं ती दोनदा म्हणाली. तो तिथंच होता. भांड्यांचा आवाज येत होता मागून. तो थांबला होता – तिनं सांगावं म्हणून?

की हसू दाबत होता?

"काय म्हणे लिलाबाई?" माणिकराव कपबशी घेऊन दारात. "आन् तू अशी काहून पाहून राह्यली?"

तिची कानशिलं तापली होती. वर्षभर तिनं जपलं ते खोटं त्यालाही ठाऊक होतं, त्यानंही ते जपलं आणि तसाच निघून गेला, सारं एकटीवर टाकून. कळलं होतं तर बोलला काहून नाहीस? एक शब्द. माय, हा सांबार हाय, एवढं म्हणायला काय होत होतं? मी रडले असते, तू हसला असतास, दुसरं पाकीट आलं असतं... शहाणा लेकाचा. आईला फसवू देतो. तिचे ओठ हलत होते, माणिकराव पाहत होते, आणि तिला थांबायचं नव्हतं. मेलेल्या माणसाशी कुणी असं भांडत नाही, हे तिला ठाऊक होतं.