बॅगेची किल्ली

बिस्किटांच्या कारखान्यातलं कणीक मळायचं यंत्र म्हणजे माणूस उभा मावेल एवढं लोखंडी पातेलं आणि त्यात फिरणारा मनगटाएवढा जाड दांडा. त्यात खांद्यापर्यंत वाकून फिटरबाई बेअरिंग बदलत होती. मोठा पाना घ्यायला ती बाहेर आली, आणि पाठ वळते न वळते तोच मागे दांडा गरकन फिरला.

तिचा संताप उसळला. भिंतीपलीकडच्या मेन स्विचला तिने स्वतःच्या हाताने लाल कुलूप लावलं होतं, बटण दाबून यंत्र मेलंय याची खात्रीही केली होती. नियमच होता तसा: जो यंत्रात शिरणार त्याचं कुलूप, त्याची एकच किल्ली, आणि ती त्याच्याच खिशात. तिने खिसा चाचपला. किल्ली जागेवर होती. धावत भिंतीपलीकडे गेली, तर कुलूप उघडं लटकत होतं.

"कोणी काढलं?"

स्विचपाशी उभा ऑपरेटर म्हणाला, "साहेबांनी. म्हणाले, काम झालंय, चालू कर."

साहेब म्हणजे पाळीचा प्रमुख आणि फिटरबाईचा सख्खा नवरा. तो लगबगीने आला. "अगं, तासाभराचं काम, दोन तास झाले. मला वाटलं, कुलूप विसरून चहाला गेलीस."

"किल्ली कुठून आणलीस?" कामावर ती त्याला साहेब म्हणायची. घरातला 'तू' आज चारचौघांत आला.

त्याने जुडगा पुढे केला. घराची, कपाटाची, स्कूटरची आणि एक छोटी, चपटी. घरात दाराशेजारच्या खिळ्यावर ती रोज लटकायची. एकदा तिने विचारलंही होतं, तेव्हा तो 'बॅगेची' म्हणाला होता. बॅगेला मेलं कुलूप कुठे आहे, हे या बयेला सुचलंच नाही. नवऱ्याच्या किल्ल्या कोण तपासत बसतं!

"गेल्या वर्षी तू किल्ली घेऊन घरी गेलीस, यंत्र अडीच तास अडलं," तो म्हणाला. "सगळे तुला नावं ठेवत होते. तुझी लाज राखायला ही दुसरी करून घेतली."

"लाज राखलीस. हात कोण राखणार होतं?"

"झालं का काही? उगाच आकांडतांडव नको."

तिने कुलूप पुन्हा स्विचला लावलं, जुडग्यातली छोटी किल्ली काढून ऑपरेटरच्या तळहातावर ठेवली आणि नवऱ्याला पातेल्यापाशी आणलं.

"घाल हात."

"काय?"

"कुलूप लावलंय. एक किल्ली माझ्याकडे, एक स्विचपाशी, ऑपरेटरकडे. आपलाच माणूस आहे. घाल."

त्याने बाही वर सारली. भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. हात काठावरच राहिला.

"अगं, पण दुसरी किल्ली..."

"वर्षभर मी खांद्यापर्यंत जात होते."

त्याने मान खाली घातली. तिला त्याची जराही दया आली नाही.

ऑपरेटरकडची किल्ली परत घेऊन, कुलूप काढून ती तडक स्टोअरमध्ये गेली. कुलूप आणि दोन्ही किल्ल्या टेबलावर आपटून तिने नवं कुलूप मागितलं. स्टोअरकीपरने रजिस्टर उघडून बदलण्याचं कारण विचारलं.

"लिहा, दुसरी किल्ली नवऱ्याकडे सापडली."

त्याचं पेन हलेना. तेव्हा तिने ते हिसकावून स्वतःच लिहिलं आणि खाली सही ठोकली.

बेअरिंग अजून अर्धवटच होतं. तिने नवं कुलूप लावलं, बटण दाबून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. आत वाकण्याआधी नवऱ्याकडे बोट दाखवत ऑपरेटरला म्हणाली, "मी बाहेर येईपर्यंत यांना हॉलबाहेर ठेव."