शुक्रवारची मटणाची सोडत

शनिवारी सकाळी शिधा न्यायला एकतीस घरं येणार होती आणि व्हॅल्डाच्या फ्रीजरमध्ये बर्फाशिवाय काही नव्हतं. गेल्या वर्षी दहा घरं येत. मग घरभाडी वाढली, विजेची बिलं वाढली, तशी रेनमार्क गावाजवळच्या बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या क्लबच्या, मागच्या खोलीबाहेरची रांगही वाढली. तिथूनच व्हॅल्डा गरजूंना फुकट शिधा वाटायची. मांस देणाऱ्या खाटकानं या आठवड्यात हात वर केले होते. पोरांच्या ताटात पुन्हा नुसता पास्ता पडणार, हे काही व्हॅल्डाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी क्लबात नेहमीची सोडत होती. चॉप्स, सॉसेज आणि कोंबडी भरलेले पाच ट्रे. तिकिटामागे नाव लिहून पिंपात टाकायचं, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक ट्रे. व्हॅल्डानं एकच तिकीट घेतलं.

सचिव मर्व नॅन्कर्व्हिसनं पहिली चिठ्ठी काढली. "व्हॅल्डा." टाळ्या पडल्या.

दुसरीही व्हॅल्डाच. "एका दिवशी एकाला एकच ट्रे. बाद," मर्व म्हणाला. तिसरी व्हॅल्डा. चौथी व्हॅल्डा.

मर्वनं चष्मा कपाळावर चढवला. "किती तिकिटं घेतलीस गं बाई?"

"एकच." तिचे कान तापले.

"मग दर चिठ्ठीवर अक्षर निराळं कसं?"

सगळे आपापल्या बिअरमध्ये बघू लागले. शेवटी काउंटरमागची टीना म्हणाली, "आम्ही सगळ्यांनीच तिचं नाव लिहिलं. तुला सांगितलं नाही. तू नियम काढून बसला असतास."

"बसणारच," म्हणत मर्व चिठ्ठ्या उपसत राहिला. अगदी तळाशी वेगळं नाव निघालं. त्याचं स्वतःचं.

हशा पिकला. "नेणार का रे ट्रे?" कोणीतरी टोमणा मारला.

"नेणार. रिकाम्या हाती गेलो तर बायको घरात घ्यायची नाही."

तीन ट्रे उरले, पिंप रिकामं. मर्वनं नियमांची वही उघडली आणि बोट फिरवत सावकाश वाचली.

"विजेता न सापडल्यास निर्णय सचिवाचा." त्यानं वही मिटली. "तिन्ही ट्रे मागच्या खोलीला. कोणाची हरकत? नाही. मंजूर."

तिचा पहिला धरून चार ट्रे, एकतीस घरं. व्हॅल्डा मनात वाटण्या करू लागली. पोरं असलेल्या घरांना चॉप्स, बाकीच्यांना सॉसेज. भागत होतं.

"मर्व, उद्या आठला ये. पिशव्या भरायला हात हवेत."

"पावणेआठला येतो," तो म्हणाला. "तुम्हा लोकांचा हिशेब सैल असतो."