गाश्परच्या गुत्त्यातला रेडिओ

मी रेडिओ. आजवर माझ्या तोंडून दुसरेच बोलले. आज पहिल्यांदा माझं मी बोलतोय, आणि बोलताना मान वर होत नाही.

वाह नदीकाठच्या आमच्या स्लोव्हाक गावात मला आणलं ते दातांच्या डॉक्टर लुस्टिगांनी. त्यांची मुलगी एदिता मला फडक्याने पुसायची आणि संगीत लागलं की बापाला ओढून नाचायला लावायची. शेजारचा गुत्तेवाला गाश्पर दात दाखवायला यायचा आणि दुखणं थांबलं तरी गाणी ऐकत बसून राहायचा.

मग माझ्यातून ओरडणारी माणसं येऊ लागली. आधी रोमहून, मग बर्लिनहून. डॉक्टर हसायचे. "याचा घसा बसणार बघ, गाश्पर. दातांचं काही असेल तर ये म्हणावं, घशाचं आपण बघत नाही."

एक दिवस तेच ओरडणं आमच्या स्वतःच्या भाषेत आलं. त्या दिवशी डॉक्टर हसले नाहीत. गाश्परही लवकर उठून गेला.

पुढे हुकूम निघाला, ज्यूंनी रेडिओ बाळगायचा नाही. सरकारी पक्षाचे काळ्या गणवेशातले गार्ड मला उचलून घेऊन गेले. लिलावात गाश्परने मला घेतलं.

"अहो, हा डॉक्टरांचा ना?" त्याची बायको पावलीना म्हणाली.

"मी नाही तर दुसऱ्या कुणी नेला असता. निदान ओळखीच्या घरात आला."

गुत्त्यात माझ्याभोवती गर्दी जमू लागली. मी ज्यूंबद्दल वाट्टेल ते ओकायचो. डॉक्टरांनी बसवलेल्या दातांनी सॉसेज चावत लोक म्हणायचे, "रेडिओवर सांगतायत, म्हणजे काहीतरी असणारच."

बेचाळीसच्या वसंतात गार्डांनी लुस्टिग कुटुंबाला स्टेशनकडे चालवत नेलं. रस्ता गुत्त्यासमोरूनच जात होता. एदिताची आई, डॉक्टरीणबाई, दारापाशी अडखळल्या.

"गाश्पर, हिला घोटभर पाणी दे रे," डॉक्टरांनी हाक मारली.

आत सगळ्यांनी ऐकलं. पावलीना पेला भरून निघाली.

"थांब," गाश्पर म्हणाला. "ते बघतायत कोण कोण बाहेर येतंय."

आणि त्याने माझं बटण फिरवलं. पोल्का नाचाचं गाणं लागलं होतं. मी इतक्या मोठ्याने गायलो की दुसरी हाक ऐकूच आली नाही. पावलीना हातात पेला घेऊन तशीच उभी राहिली.

युद्ध संपलं. एदिता एकटीच परतली. गाश्परने लगबगीने मला तिच्यापुढे आणून ठेवलं. "ने पोरी. जपून ठेवलाय तुमचा."

"ठेवायला घर कुठंय, काका?" ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा गाडीत सारखं म्हणत होते, गाश्परला ऐकू आलं नसेल. नाहीतर तो आला असता."

गाश्पर टेबल पुसू लागला.

"ऐकू आलं होतं," पावलीना म्हणाली.

एदिता निघून गेली. गाश्परने मला माळ्यावर टाकलं, तिथेच आहे. माझ्या तारा गंजल्यात, आत कोळ्यांनी जाळी केलीत. तक्रार नाही. मी स्वतःला समजावतो, मला हात नव्हते, स्वतःचं बटण मी कसं बंद करणार? ही सबब मला पुरत नाही. पण तेवढी तरी माझ्याकडे आहे. तुम्हाला हात आहेत.